प्रस्तावना : मूळ वहीची पुरवणी

लासलगावच्या बाजारात कांद्याचा लिलाव झाला, की अडत्या शेतकऱ्याच्या हातात हिशोबपट्टी ठेवतो. वजन, भाव, होणारी रक्कम, त्यातून वजा केलेली हमाली आणि तोलाई, आणि सर्वांत खाली शेतकऱ्याला मिळणारा आकडा. ही पट्टी खरेदीचे बिल नव्हे आणि विक्रीचेही नव्हे. मध्यस्थाने दोन्ही बाजूंना दिलेला तो जबाब आहे. हिशोबाचे तयार सॉफ्टवेअर उघडले, तर त्यात खरेदी असते, विक्री असते, जमा-नावे असते, पट्टी नसते. लाखो दुकानांसाठी बनलेल्या वस्तूत एका बाजाराची रीत आधीपासून असणार नाही, हे उघड आहे. मग ती रीत त्यात कोणी, कुठे आणि कशी लिहायची? या पुस्तकाचा विषय हाच आहे.

व्यवहारात याला ॲड-ऑन, एक्स्टेन्शन, कस्टमायझेशन अशी नावे आहेत. मी येथे ‘पुरवणी’ हा शब्द घेतला आहे. परीक्षेत उत्तरपत्रिका भरली, की आपण पुरवणी मागतो आणि ती दोऱ्याने मूळ उत्तरपत्रिकेला बांधतो. मूळ पाने फाडत नाही, आणि गाठ सैल राहिली तर लिहिलेले वाया जाते. मूळ, पुरवणी आणि दोरा, या तीन गोष्टी मनात ठेवल्या तर पुढची प्रकरणे अवघड वाटणार नाहीत.

ही प्रस्तावना मी बेंगळुरूच्या कोरमंगल्यात बसून लिहीत आहे, आणि या विषयाचे या वस्तीशी जुने नाते आहे. श्यामसुंदर गोएंका कापडगिरण्यांना आणि कारखान्यांना कच्चा माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत. आपल्या धंद्याचे हिशोब सांभाळेल असे सॉफ्टवेअर त्यांना मिळेना, तेव्हा त्यांनी ते आपल्या मुलाला, गणिताचे पदवीधर भरत गोएंका यांना बनवायला सांगितले. १९८६ मध्ये त्यातून प्यूट्रॉनिक्स ही कंपनी उभी राहिली. १९९९ मध्ये तिचे नाव टॅली सोल्यूशन्स झाले. पुढे अनेक वर्षे तिचा पत्ता कोरमंगल्यातील रहेजा आर्केड हा होता. खात्यांना अंकी संकेत न देता ती नावानेच ओळखायची, ही कंपनीच्या टॅली या सॉफ्टवेअरची पहिली मोठी सोय. खतावणी लिहिणाऱ्या मुनिमाला ती लगेच आपली वाटली.

अभ्यासकाने मात्र थांबून पाहावी ती दुसरी गोष्ट : टॅली डेफिनिशन लँग्वेज, म्हणजे टीडीएल. टॅलीचे पडदे ज्या भाषेत लिहिले आहेत, तीच भाषा बाहेरच्या माणसालाही वापरता येते. रिपोर्टमध्ये फॉर्म, फॉर्ममध्ये पार्ट, पार्टमध्ये लाइन, लाइनमध्ये फील्ड, अशी तिची उतरंड आहे. आधीच्या व्याख्येच्या सुरुवातीला ‘#’ हे चिन्ह लावले, की ‘मूळ आहे तसे राहू दे, त्यात एवढा फरक कर’ असा अर्थ होतो. बाजारात तर पुरवणीलाच टीडीएल म्हणतात : ‘पट्टीचा टीडीएल टाकून घ्या.’

या चिन्हामागे जो विचार आहे, तो संगणकशास्त्रात इतरत्रही झाला होता. कोणते निर्णय बदलण्याजोगे आहेत हे ओळखून ते एकेका विभागात झाकावेत, असे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये मांडले. चांगला विभाग भर घालण्यासाठी खुला आणि मोडतोडीसाठी बंद असावा, हे तत्त्व बर्ट्रांड मेयर यांनी १९८८ मध्ये सांगितले. जर्मनीच्या सॅप या व्यवसाय-प्रणालीत ग्राहकाने स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामचे नाव ‘झेड’ किंवा ‘वाय’ने सुरू होते, म्हणजे मूळ कोणते आणि पुरवणी कोणती हे नावावरूनच कळते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्ट या मुक्तस्रोत प्रणालीने तर चौदाव्या आवृत्तीत भारतीय जीएसटीचा भाग गाभ्यातून काढून वेगळ्या ॲपकडे दिला. एका देशाचा कर हीसुद्धा पुरवणीच आहे, हे त्यातून स्पष्ट झाले.

पुरवण्यांचे तीन प्रकार या पुस्तकात येतात. पहिला, आहे त्या फॉर्मवर नवा रकाना घालणे. दुसरा, प्रणालीच्याच भाषेत नवे कामकाज लिहिणे. तिसरा, बाहेरच्या ॲपने प्रणालीशी संवाद साधणे. टॅलीशी एक्सएमएलमधून बोलणारी ॲप्स या वर्गातली. पहिला प्रकार सर्वांत सोपा दिसतो, म्हणून त्यावर सर्वाधिक पाने खर्च केली आहेत. टीडीएलमध्ये नव्या रकान्यातील माहिती एका क्रमांकाखाली साठते. दोन वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेल्या पुरवण्यांनी एकाच प्रकारच्या रकान्याला तोच क्रमांक दिला, तर गाडीचा नंबर जिथे हवा तिथे हमालाचे नाव उमटू शकते. पुरवणी काढून टाकली, तर रकाना दिसेनासा होतो, पण भरलेली माहिती वहीत राहतेच. दोरा सुटतो, लिहिलेले पुसले जात नाही. म्हणून रकाना वाढवण्यापूर्वी विचार करावा.

नियम बदलतात, तेव्हा या शिस्तीची किंमत कळते. २०१६ मध्ये महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्यावरची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरले. कांदाही त्यात आला. एक ओळ पट्टीवरून उठून दुसऱ्याच्या बिलात गेली. पट्टी वेगळ्या पुरवणीत लिहिलेली असेल, तर तेवढीच बदलायची. मूळ वहीला हात लावायचा नाही. याउलट, १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरने प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणे बंधनकारक आहे, आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. ही मूळ वहीची मर्यादा आहे, आणि ती ओलांडण्याचा अधिकार कोणत्याही पुरवणीला नाही.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांसाठी हे पुस्तक आहेच; पण मला विशेष आमंत्रण द्यायचे आहे ते रोजकीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद हे शब्द रोज वापरणाऱ्यांना. कोड लिहिणारा भाषा महिन्याभरात शिकेल. हमाली कोणाच्या खात्यावर पडते, वजनात घट किती धरतात, पट्टीवर सही कोणाची लागते, हे त्याला तुम्हीच सांगू शकता. म्हणून प्रत्येक प्रकरणाची सुरुवात मी एखाद्या कागदापासून केली आहे : पट्टी, वजनकाट्याची पावती, चलन. आधी तो कागद नीट वाचा, त्यातला प्रत्येक रकाना कशासाठी आहे ते विचारा, आणि मगच कीबोर्डकडे वळा. ज्याला पट्टी वाचता येते, त्याने या विषयाचे पहिले प्रकरण आधीच पुरे केले आहे. दुसऱ्यापासून आपण बरोबर जाऊ.

कोरमंगला, बेंगळुरू