पार्सलची बक्षिसी

हॉटेलात बसून खाणाऱ्याने टीप ठेवावी की नाही, याचा निकाल समाजाने केव्हाच लावलेला आहे. ठेवावी! मतभेद आहेत ते फक्त रकमेबद्दल आणि तेही नवरा-बायकोत. नवरा बडीशेपेच्या बशीत नोट ठेवतो. बायको "एवढी?" असं नुसत्या भुवयांनी विचारते. मग नोट उचलून तिथे नाणी ठेवण्याचा जो नाजूक क्षण येतो, नेमका त्याच क्षणी वेटर शेजारच्या टेबलावर फडकं मारत असतो.

पण पार्सल नेणाऱ्याचं काय? तो खुर्चीवर बसलेला नाही, पंख्याचा वारा खाल्लेला नाही, "जरा चटणी आणा" म्हणून कोणाला चारदा पळवलेलं नाही. उलट गल्ल्यापाशी उभं राहून त्यानेच अर्धा तास हॉटेलची सेवा केलेली असते. त्याने बक्षिसी कोणाला आणि कशाबद्दल द्यायची?

आपल्याकडे हा प्रश्न अजून बाळसेदार झालेला नाही. त्याचं विश्वरूप पाहायचं तर अमेरिकेत जावं. न्यू जर्सीला पुतण्याकडे असताना आम्ही एका हॉटेलातून सामोसे आणायला गेलो. गल्ल्यावरच्या मुलीने पैसे घेण्याचं यंत्र गर्रकन आमच्याकडे फिरवलं. त्यावर तीन चौकोन : 18, 20 आणि 25 टक्के. "काहीही नको" हा चौथा चौकोन खालच्या कोपऱ्यात, नजर अधू असलेल्यास दिसणार नाही अशा बेताने.

"अरे, पण सामोसे अजून हातात आले नाहीत," मी म्हटलं. "बक्षिसी काम झाल्यावर देतात ना?"

"काका, हळू बोला," पुतण्या म्हणाला, "मागे रांग आहे."

या 'मागे रांग आहे'मध्ये टीपेचा निम्मा इतिहास सामावलेला आहे. टीप देणारा खूश होऊन देतो, असं पुस्तकात म्हणतात. प्रत्यक्षात तो चारचौघांच्या धाकाने देतो. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोणा लॉर्डाकडे जेवायला गेलं, की निघताना नोकरांची रांग दारात उभी राही. एकाने टोपी आणून दिली, दुसऱ्याने काठी. प्रत्येकाच्या हातावर नाणं. या नाण्यांना 'व्हेल्स' म्हणत. फुकटचं जेवण खानावळीपेक्षा महाग पडे. जोनास हॅनवे नावाच्या सद्गृहस्थाने 1760 साली या चालीविरुद्ध पत्रांचं पुस्तकच काढलं. लंडनच्या रस्त्यात रोज छत्री घेऊन हिंडणारा पहिला पुरुष म्हणून ज्याची टिंगल झाली, तोच हा हॅनवे. पावसापासून आणि नोकरांपासून, दोन्हीकडून माणसाचं रक्षण करायचा त्याने विडाच उचलला होता. छत्री टिकली, पण व्हेल्स बंद करायला निघालेल्या धन्यांविरुद्ध 1764 साली नोकरांनी रॅनेलॅ बागेत चक्क दंगल केली.

अमेरिकेला ही चाल आधी मुळीच पसंत नव्हती. आम्ही राजा नाकारला, मग ही सरंजामी दक्षिणा कशाला, असा त्यांचा बाणा. 1909 साली वॉशिंग्टन राज्याने टीपबंदीचा कायदा केला. पुढे आणखी पाच राज्यांनी केला. 1926 पर्यंत एकूण एक कायदे रद्द झाले. हा पराभव कोणी केला? ज्यांना टीप मिळते त्यांनी नव्हे, तर ज्यांना तिच्यामुळे पगार द्यावा लागत नाही त्यांनी, असं माझं मत आहे.

इथे विनोद थोडा बाजूला ठेवावा लागतो. यादवी युद्ध 1865 ला संपलं, गुलाम मुक्त झाले. 1867 साली निघालेल्या पुलमन कंपनीने आगगाडीच्या शयनडब्यांत पोर्टर म्हणून याच काळ्या माणसांना नेमलं. पगार तुटपुंजा, बाकीचं उतारूंनी द्यावं. उतारू कंपनीच्या मालकाचंच नाव घेऊन सगळ्यांना सरसकट 'जॉर्ज' म्हणत. स्वतःच्या नावाने हाक मारून घ्यायचीही सोय नाही. 1925 साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांची संघटना झाली आणि कंपनीने करारावर सही केली ती 1937 साली. बारा वर्षं लागली.

किमान वेतनाचा कायदा 1938 ला आला, पण हॉटेलकामगार बाहेरच राहिले. 1966 साली त्यांना आत घेतलं, तेही मागच्या दाराने : मिळालेली टीप मालकाने वेतनात धरावी! म्हणून तिथला केंद्रीय कायदा आजही म्हणतो की, टीप मिळवणाऱ्याला मालकाने ताशी 2.13 डॉलर दिले तरी चालेल. टीप धरून 7.25 भरले नाहीत तर उरलेलं त्याने घालावं. हा 2.13 चा आकडा 1991 पासून तसाच आहे. काही राज्यं जास्त देतात, कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं.

म्हणजे पार्सल बांधणाऱ्याला पुरता पगार असेल, तर तुमची टीप ही शाबासकी. तो 2.13 वाला असेल, तर ती शाबासकी नव्हे, त्याचा पगार. आणि तो तुम्ही सामोशाच्या पिशवीवरून ठरवताय!

आपल्याकडे गावच्या न्हाव्याला, सुताराला खळ्यावर बलुतं मिळे. त्या व्यवस्थेत जातीचा काच होता, माप घालणाऱ्याचा हात आखडे, हे खरंच. पण बलुतं हा हक्क होता, बक्षिसी नव्हती. दिवाळीची पोस्तसुद्धा वर्षातून एकदा. दर सामोशामागे नाही. शहरी हॉटेलांनी मात्र बिलातच 'सेवाशुल्क' घालून पाहिलं. 4 जुलै 2022 ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते आपोआप लावायला मनाई केली. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने मनाईला स्थगिती दिली, पण बजावलं की पार्सलवर सेवाशुल्क लावायचं नाही. शेवटी 28 मार्च 2025 ला त्याच न्यायालयाने मनाई उचलून धरली. पार्सलवाल्याची बाजू कोर्टाला आधीच पटली होती, याचा मला वैयक्तिक आनंद झाला.

तेव्हा माझा कौल असा. पार्सलवर टक्केवारी नाही. हॉटेलचा पगार हॉटेलने द्यावा. पण भर पावसात पिशवी छातीशी धरून गाडीपर्यंत आलेला पोऱ्या, गळू नये म्हणून आमटीच्या डब्याला आपणहून दुहेरी पिशवी बांधणारा मावशींचा हात, यांचा हिशेब टक्क्यांत होत नाही. तिथे खिशात हात घालावा, यंत्राने डोळे वटारण्याआधी.

एक अडचण आहे. "सुटे नाहीत हो" हे मराठी माणसाचं पिढीजात चिलखत होतं. 2016 साली यूपीआय आलं आणि ते चिलखतही गेलं.