कार्ड तुमचं, किल्ली त्यांची

फोनवर 'नवीन अपडेट उपलब्ध आहे' असं आलं की आपल्यातले बहुतेक जण रात्री फोन चार्जिंगला लावतात, अपडेट सुरू करतात आणि झोपतात. सकाळी आयकॉन जरा गोल झालेले असतात, एखादं सेटिंग भलतीकडे गेलेलं असतं. दोन शिव्या हासडून आपण कामाला लागतो.

२४ सप्टेंबर २०१८ ला ॲपलनं मॅकसाठी 'मोहावी' ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम आणली, तेव्हा मात्र अनेक व्हिडिओ एडिटर आणि थ्रीडी कलाकार त्या बटणापासून हात लांब ठेवून बसले होते. बटण दाबलं असतं तर त्यांच्या मशीनमधलं सगळ्यात वेगवान ग्राफिक्स कार्ड निकामी झालं असतं. कार्डात काहीही बिघाड नव्हता. नव्या सिस्टिमसाठी त्याचा ड्रायव्हर नव्हता, एवढंच.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. ड्रायव्हर हा शब्द कानावर पडला नाही असा माझा आठवडा जात नाही, पण तो गायब झाला तर कुणाचं काय होतं याचा विचार मी ही गोष्ट वाचेपर्यंत कधी केला नव्हता. म्हणून ती इथे नीट पहिल्यापासून सांगतो.

माजघरातला दुभाष्या

ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो छोट्या गणकांची फौज. एकच हिशेब लाखो पिक्सेलवर एकाच वेळी करायचा, हे तिचं काम. पण ऑपरेटिंग सिस्टिमला या फौजेची भाषा येत नाही. मधे दुभाष्या लागतो, तो म्हणजे ड्रायव्हर. कार्ड जितकं गुंतागुंतीचं तितका दुभाष्या मोठा. त्यातली गुपितं कार्ड बनवणाऱ्या कंपनीलाच ठाऊक असल्यामुळे तो बहुधा तीच लिहिते.

घरात पाहुणा ओसरीवर बसतो, माजघरात फक्त घरचे जातात. कॉम्प्युटरमध्येही तसंच आहे. साधं ॲप ओसरीवरचं. ते कोसळलं तर एकटंच कोसळतं. ड्रायव्हरचा मुख्य भाग मात्र कर्नलमध्ये, म्हणजे माजघरात वावरतो. तिथे त्याचा पाय घसरला की अख्खं घर खाली येतं. २००७ मध्ये विंडोज व्हिस्टा आलं, तेव्हा ड्रायव्हर लिहिण्याची पद्धतच बदलली होती. पुढे एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यातल्या २००७ च्या नोंदींनुसार, व्हिस्टा कोसळण्याच्या जवळपास २९ टक्के घटना एकट्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होत्या. लोकांनी शिव्या मात्र व्हिस्टाला घातल्या.

हा आकडा लक्षात ठेवा. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांना माजघराची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायला भीती का वाटते, ते त्यावरून कळतं.

किसणी

२००६ मध्ये ॲपलनं मॅक प्रो आणला. ॲल्युमिनियमचा भलाथोरला टॉवर, पुढेमागे जाळी. दिसायला थेट किसणीसारखा, म्हणून नावही तेच पडलं. त्याची बाजूची पत्री उघडली की आत हात घालून हार्ड डिस्क, मेमरी, कार्ड, सगळं बदलता यायचं. एकदा घेतलं की भाग बदलत दहा वर्षं चालवायचं, असं ते मशीन.

एनव्हिडियानं 'कुडा' हे तंत्र आणलं तेही याच सुमारास. कार्डातली गणकांची फौज गेमशिवाय इतर कामांनाही जुंपता येऊ लागली. २०१० मध्ये ॲडोबीनं प्रीमियर प्रोचं नवं इंजिन कुडावर बसवलं. त्याच वर्षी, सिनेमाचे रंग ठरवणाऱ्या महागड्या स्टुडिओंपुरतं असलेलं दा विंची रिझॉल्व्ह हे सॉफ्टवेअर ९९५ डॉलरला मॅकवर आलं. तेही एनव्हिडियाच्या कार्डांवर पळायचं. थ्रीडी रेंडरिंगची ऑक्टेन आणि रेडशिफ्टसारखी सॉफ्टवेअर तर कुडाशिवाय हलतच नसत.

म्हणजे माणूस मॅक प्रो घेई, त्यात एनव्हिडियाचं कार्ड टाकी आणि त्यावर आपली सगळी कामाची घडी बसवी. कुठली फाइल कुठे, कुठल्या शॉर्टकटवर कुठलं बोट, क्लायंटला किती दिवसांत काम देईन म्हणायचं, हे सगळं त्या जोडीच्या वेगावर ठरलेलं.

आणि त्या जोडीत तोवर वाजायला लागलं होतं.

सोल्डर आणि संशय

जुलै २००८ मध्ये एनव्हिडियानं गुंतवणूकदारांना कळवलं की लॅपटॉपमधल्या काही चिप नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात नादुरुस्त होत आहेत आणि त्यासाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. दोष चिपच्या पॅकेजिंगमधल्या सामग्रीचा होता. सतत तापून थंड होताना जोड कमकुवत व्हायचे. ॲपलच्या मशीनना धोका नाही, असं एनव्हिडियानं आधी ॲपलला सांगितलं होतं. ऑक्टोबरमध्ये ॲपलनं स्वतःच्या तपासणीनंतर जाहीर केलं की काही मॅकबुक प्रोमध्येही हा दोष असू शकतो, आणि मोफत दुरुस्ती देऊ केली.

लगेच काडीमोड झाला नाही. एनव्हिडियाच्या चिप पुढची काही वर्षं मॅकमध्ये दिसत राहिल्या. पण २०१४ नंतर ॲपलच्या नव्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स असलं तर ते एएमडीचंच असे. २०१३ चा नवा मॅक प्रो तर एएमडीच्या दोन कार्डांभोवतीच रचलेला होता. काळा, चकचकीत, गोल. किसणीनंतर लोकांनी त्याला कचऱ्याचा डबा म्हटलं. त्यातली कार्डं खास आकाराची होती. दुकानातून नवं आणून बसवायची सोय नव्हती.

गरजवंतांनी मग काय केलं? जुनी किसणी जपली. २०१० किंवा २०१२ चा टॉवर आणि त्यात दुकानातून आणलेलं एनव्हिडियाचं नवं कार्ड. ॲपलच्या सिस्टिममध्ये या नव्या कार्डांचा ड्रायव्हर नसे. एनव्हिडिया तो आपल्या संकेतस्थळावरून वेगळा देत असे.

यातली खरी गंमत रोजच्या वापरात होती. तो ड्रायव्हर सिस्टिमच्या नेमक्या बिल्ड क्रमांकाशी बांधलेला असे. ॲपलनं एखादं किरकोळ सुरक्षा-अपडेट दिलं तरी क्रमांक बदले आणि ड्रायव्हर चालायला नकार देई. एनव्हिडिया नवी आवृत्ती काढीपर्यंत थांबा. त्यातून दुकानातलं कार्ड जुन्या मॅक प्रोवर सुरुवातीचा पडदा दाखवत नसे. ड्रायव्हर चालू होईपर्यंत स्क्रीन काळी. म्हणजे चुकून अपडेट झालं की उरला फक्त अंधार. त्यासाठी लोक एखादं जुनं छोटं कार्ड जपून ठेवत, ते बसवून मशीन चालू करत आणि दुरुस्ती करत. काही जण ड्रायव्हरच्या फाइलमधला बिल्ड क्रमांक हातानं बदलून त्याला फसवत. ज्यांचं काम सिनेमा कापण्याचं, ते रात्री कर्नलशी झोंबत बसलेले.

आई जेऊ घालीना

एप्रिल २०१७ मध्ये एकाच आठवड्यात दोन बातम्या आल्या. ॲपलनं मोजक्या पत्रकारांना बोलावून कबूल केलं की गोल मॅक प्रोची रचना उष्णतेच्या बाबतीत कोपऱ्यात अडकली आहे आणि नवा, सुटे भाग बदलता येणारा मॅक प्रो बनवत आहोत. आणि एनव्हिडियानं १२०० डॉलरचं टायटन एक्सपी कार्ड आणताना पास्कल पिढीच्या कार्डांसाठी मॅकचा ड्रायव्हर येत असल्याचं जाहीर केलं. वाट बघणाऱ्यांना वाटलं, सरले दिवस. अनेकांनी खिशात हात घातला.

दीड वर्षानं मोहावी आलं. त्यात पडदा रंगवण्याचं सगळं काम ॲपलच्या स्वतःच्या 'मेटल' तंत्रावर गेलं होतं. जुन्या टॉवरवर मोहावी चालवायचं तर मेटल समजणारं कार्ड हवं, अशी अट होती. एनव्हिडियाच्या केप्लर पिढीतली जुनी कार्डं या अटीत बसली, कारण त्यांचा ड्रायव्हर ॲपलच्याच सिस्टिममध्ये होता. त्यानंतरच्या मॅक्सवेल आणि पास्कल पिढीतली, कितीतरी वेगवान कार्डं बाहेर राहिली. लोकांनी विचारणा केल्यावर ऑक्टोबरमध्ये एनव्हिडियानं सांगितलं की मॅकच्या ड्रायव्हरवर पूर्ण नियंत्रण ॲपलचं आहे आणि ॲपलच्या मंजुरीशिवाय आम्ही तो देऊ शकत नाही. ॲपलनं जाहीर खुलासा केला नाही.

आई जेऊ घालीना, बाप भीक मागू देईना. ॲपल स्वतः ड्रायव्हर देणार नाही आणि दुसऱ्याला देऊ देणार नाही. एरवी दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ होतो म्हणतात. इथे पैसे भरलेला तिसराच बुडाला.

त्याच्यापुढे वाटा तीन होत्या. पहिली, जुन्या हाय सिएरावरच थांबायचं. पण मग नव्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या एकेक करून दार बंद करतात. २०१९ च्या शरदात आलेल्या फायनल कट प्रोनंच किमान मोहावी मागितलं. २०२० संपता संपता हाय सिएराची सुरक्षा-अपडेटही थांबली. दुसरी, कार्ड विकून एएमडीचं घ्यायचं आणि कुडावर बसवलेली कामाची घडी मोडायची. तिसरी, विंडोजवर जायचं. कार्ड तेच, आणि तिथे ते व्यवस्थित चालतं. पण पंधरा वर्षांची बोटांची सवय नव्यानं लावायची. बऱ्याच जणांनी हीच वाट धरली, आणि ते कंटाळून गेले, हौसेनं नाही.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एनव्हिडियानं कुडाची १०.२ ही आवृत्ती काढली आणि मॅकसाठी ही शेवटची असं लिहून टाकलं. पुढच्याच महिन्यात नवा मॅक प्रो विक्रीला आला, किंमत ५९९९ डॉलरपासून पुढे. पुन्हा किसणी, पुन्हा स्लॉट. त्या स्लॉटमध्ये एनव्हिडियाचं कार्ड बसतही होतं. मॅकच्या सिस्टिममध्ये त्याला ओळखणारं कोणी नव्हतं.

दुसऱ्या गावातला तोच माणूस

इथवर वाचून एनव्हिडियाची कणव आली असेल तर जरा थांबा. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे बघून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. कारण लिनक्सवर किल्ली एनव्हिडियाच्या कमरेला होती. तिथे ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळा कोड उघडा, ड्रायव्हर मात्र बंद पेटी. 'नूवो' नावाचा खुला ड्रायव्हर लिहिणारे लोक कार्डाचं वागणं बाहेरून बघून त्याची भाषा ताडत होते. नंतरच्या कार्डांत एनव्हिडियानं सही केलेल्या फर्मवेअरची सक्ती आली आणि नूवोला कार्ड पूर्ण वेगानं पळवणंही अशक्य झालं. मे २०२२ मध्ये कंपनीनं आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. टोरवाल्ड्स यांच्या त्या बोटाला तेव्हा दहा वर्षं होत आली होती.

मॅकवर जी कंपनी दाराबाहेर उभी होती, लिनक्सवर तीच दार अडवून होती. म्हणून ही गोष्ट खलनायक शोधायच्या कामाची नाही. ॲपलच्या बाजूनं बघितलं तर परक्या कोडला माजघरात न घेणं हे सुरक्षेच्या दृष्टीनं शहाणपणाचंच आहे. व्हिस्टाचे २९ टक्के त्यांनीही वाचले असतील. चूक वेगळीच होती. स्लॉट असलेलं मशीन विकताना 'यात पुढे काय चालेल हे आम्ही ठरवू' हे कुणी सांगितलं नव्हतं. दहा वर्षांच्या भरवशावर घेतलेल्या वस्तूत एका वर्षाचा करार लपलेला होता.

पुढे ॲपलनं तो करार उघड केला म्हणायला हरकत नाही. २०२३ च्या मॅक प्रोमध्ये ॲपलची स्वतःची चिप आहे, विस्तारासाठी स्लॉटही आहेत. पण ग्राफिक्स कार्ड कुणाचंच चालत नाही. एनव्हिडियाचं नाही आणि इतकी वर्षं साथ दिलेल्या एएमडीचंही नाही.

आता हा लेख ज्यावर वाचताय त्या फोनकडे बघा. त्यातही एक ग्राफिक्स चिप आहे आणि तिचाही ड्रायव्हर आहे. अँड्रॉइडच्या जगात बहुतेकदा तो चिप बनवणारी कंपनी देते. तिनं त्या चिपसाठी काम थांबवलं की फोन बनवणाऱ्याला नवी आवृत्ती आणणं फार अवघड होतं, आणि धडधाकट फोन 'जुना' ठरतो. फोन घेताना आपण कॅमेरा बघतो, रॅम विचारतो, कव्हर फुकट मागतो. यापुढे काउंटरवर आणखी एक विचारा: अपडेट किती वर्षं देणार, आणि ते लेखी कुठे आहे? दुकानदाराला बहुधा सांगता येणार नाही. मग पैसे देण्याआधी तिथेच उभं राहून फोन कंपनीच्या संकेतस्थळावर शोधा.