अर्धा कोयता

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी आरोग्यसेविका होते. आमच्या नोंदवहीत अतिजोखमीच्या मातेपुढे लाल खूण करायची असते. अठराच्या आतली असो की पस्तिशीपुढची, वयामुळे ती खूण लागतेच. टाळेबंदीनंतर माझ्या वहीत या खुणा वाढल्या. त्याचं मूळ मला करोनाच्या बरंच मागे दिसतं.

ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाची उचल त्या हिशोबाने मिळते. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. सहकारी साखर कारखानदारी १९५० च्या सुमारास प्रवरानगरपासून सुरू झाली, आणि १९७२ च्या दुष्काळाने आमच्याकडच्या माणसांना ही वाट आणखीच धरायला लावली. दिवाळीच्या सुमारास गावं रिकामी होतात. वयात आलेली पोर मागे ठेवायची कुणाच्या भरवशावर? फडावर न्यावी तर कोपीला धड दार नाही. मग उजवून टाकतात. १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीचं वय चौदा होतं, १९७८ मध्ये अठरा झालं. उचलीचा हिशोब काही बदलला नाही.

तरी पोरी शिकत होत्या, त्या हंगामी वसतिगृहांच्या जोरावर. आईबाप तोडीला गेले तरी गावातच शाळेच्या आधाराने दोन वेळचं जेवण मिळायचं. लग्न लांबवण्यात कायद्यापेक्षा या जेवणाचा वाटा मोठा, असं मी आजही म्हणेन. मार्च २०२० मध्ये शाळांनाच कुलूप लागलं. त्यात लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, म्हणजे मांडव, वाजंत्री, जेवणावळ सगळा खर्च वाचला. भल्या पहाटे घरच्या ओट्यावर लग्नं उरकली. बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकाची, पण तो विलगीकरणाच्या मागे, आणि आम्ही थर्मल गन घेऊन दारोदार.

एक पोर पाचव्या महिन्यात पहिल्यांदा आली. हिमोग्लोबिन सात. सासू म्हणाली, "एकोणीस सरलंय." आधार कार्ड घरी राहिलेलं. सासू बाहेर गेल्यावर पोरीने हळूच विचारलं, "सिस्टर, दहावीचा फॉर्म भरता येईल का ओ?" अठराच्या आतली गरोदर आली की २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावं लागतं. त्या धास्तीने घरचे नोंदच लांबवतात आणि पहिल्या तीन महिन्यांच्या तपासण्या बुडतात.

पस्तिशीपुढच्यांचं कारण निराळं. एप्रिल २०२० मध्ये कुटुंब नियोजनाच्या शस्त्रक्रिया आणि तांबी बसवणं थांबवण्याच्या सूचना आल्या. गोळ्या, निरोध होते. पण नवरा, सासू दिवसभर घरात असताना ते मागायला बाई यायची कशी? ऑपरेशनच्या यादीत नाव असलेली अडतीस वर्षांची एक बाई सातव्या महिन्यापर्यंत लाजेने फिरकली नाही, कारण सूनही पोटुशी होती. रक्तदाब १६०/१०० निघाला. तिला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात पाठवलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झाल्याचं आढळलं. बीडमध्ये सुमारे ४४ टक्के. महाराष्ट्रातली ही माहिती २०१९ मध्येच गोळा झाली होती. ओट्यावरची ती लग्नं त्यात धरलेलीच नाहीत.