सक्ती आणि उत्तरदायित्व

धारच्या पवार संस्थानात कुक्षी हा परगणा होता. त्याच्या पश्चिमेस, बडोदे संस्थानात, सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९०९ मध्ये बडोदे शहरात विद्यार्थ्यांची वैद्यकीय तपासणी झाली. हिंदुस्थानातील शालेय आरोग्यसेवेचा आरंभ तोच मानितात. न्यायदृष्ट्या हा क्रम अर्थपूर्ण आहे. मुलास शाळेत येण्याची सक्ती करणारे राज्य त्याच्या देहाबद्दलही उत्तरदायी ठरते. मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये आरोग्यतपासणीबरोबर व्यवसायमार्गदर्शनाचाही आग्रह धरिला. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत व सक्तीचे ठरले. तेव्हा कुक्षीचे मूलही आज विचारू शकते : शाळेत बोलाविलेत खरे; पण माझी दृष्टी कोणी तपासली, पुढची वाट कोणी दाखविली?