गिरमिटियांच्या जीवनकथांचे जतन (मॉरिशस)

उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी करारावर मॉरिशसला गेलेल्या भारतीय मजुरांच्या, म्हणजे गिरमिटियांच्या, कहाण्या शोधून त्या सांभाळून ठेवण्याचे काम. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून छत्तीस मजूर उतरले; पुढील काळात सुमारे साडेचार लाख आले. बहुतेक खेड्यांतले. बिहारकडचे सर्वाधिक, मुंबई बंदरातून निघालेल्यांत कोकणी मुलखातले मराठी होते. फिजीहून परतलेले गिरमिटिया तोताराम सनाढ्य यांच्यासारखी आपली हकीकत छापून ठेवणारी माणसे विरळाच.

म्हणून शोध सरकारी वह्यांपासून सुरू होतो. त्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रत्येक मजुराला क्रमांक. त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, जहाज आणि अंगावरची खूण. मजूर पळाला तर ओळखता यावा, हा हेतू. १८६७च्या कायद्याने तर करार संपलेल्यालाही छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. आज पणतू-खापरपणतू त्याच क्रमांकाच्या आधारे पूर्वजाचे गाव शोधतात, आणि कित्येकांना त्याचा चेहरा प्रथमच दिसतो तो त्या छायाचित्रात.

मजुरांचे स्वतःचे म्हणणे अर्ज-जबान्यांतून ऐकू येते. एक दिवस खाडा झाला की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अशा जाचांविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या, म्हणजे करार संपलेल्या, मजुरांच्या सह्यांचा अर्ज गेला; मळेवाले ॲडॉल्फ द प्लेवित्झ यांनी त्यासाठी खटपट केली. इतिहासकार मरिना कार्टर यांचा ‘व्हॉइसेस फ्रॉम इंडेन्चर’ (१९९६) हा ग्रंथ अशाच अर्ज, पत्रे व जबान्यांवर उभा आहे.

मराठी घराण्यांचा माग काढणे विशेष अवघड. वहीत मूळ आडनाव क्वचितच; पुढे पूर्वजाचे पाळण्यातले नावच वंशजांचे आडनाव झाले. कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले गावाचे नावही अनेकदा ओळखू येत नाही. मात्र वहीत न मावलेले काही गाण्यात टिकले. गणेशोत्सवात मॉरिशसचे मराठी लोक ‘झाकरी’ नाचतात; ती आपल्या कोकणातली जाखडीच, गाण्यांवरचा नाच. घरात क्रिओल ही मॉरिशसची बोली बोलणारे गायक ती गाणी पिढ्यान्‌पिढ्या पाठांतराने म्हणत आले. त्यामुळे नुसते शब्द उतरवून भागत नाही; हे कुणाकडून शिकलात, कुठल्या मळ्यावर, तेव्हा घरात कोण कोण होते, हेही त्याच बैठकीत, त्यांच्याच क्रिओलमध्ये ध्वनिमुद्रित करावे लागते.