कोळीवाड्यातील मुलगी आणि दत्तक-पालक

भगिनींनो, शाळा उघडते जूनमध्ये, आणि त्याच महिन्यात पाचूबंदर-अर्नाळ्याच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. नारळी पौर्णिमेपर्यंत घरात रोकड नाही; वह्यांच्या आधी जाळ्यांचा खर्च! म्हणून 1983 सालची सावित्रीबाई फुले दत्तक-पालक योजना मला मोलाची वाटते. गरीब मुलीच्या शिक्षणाला दत्तक-पालक दरमहा मदत करी.

पण पैशाने सारे थोडेच भागते? आई पाटी घेऊन बाजारात गेली की धाकटे भावंड थोरलीच्या कडेवर. ताराबाई मोडकांनी हे बरोबर हेरले. त्यांचे 1945 मध्ये बोर्डीला सुरू झालेले काम 1957 मध्ये कोसबाडला गेले. तेथील विकासवाडीत अनुताई वाघांसह त्यांनी पाळणाघर, बालवाडी व शाळा एकत्र आणली. धाकटे पाळण्यात, थोरली वर्गात!

आपण वह्या-गणवेशासाठी वर्गणी काढतो, तीत पाळणाघराच्या बाईंचा पगारही धरावा, असे मी सुचविते.