राहू परत येतो

आज आम्ही इतिहास सांगणार आहोत तो एका खलनायकाचा. तो आपल्याच भागातला आहे, म्हणून जरा आपुलकीने ऐका.

ऑक्टोबर २००५मध्ये व्ही. जी. सामंत यांचा ‘हनुमान’ हा चित्रांचा सिनेमा आला. तो इतका चालला की २८ डिसेंबर २००७ला ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. दिग्दर्शक अनुराग कश्यप. एरवी मोठ्या माणसांचे सिनेमे करणारा माणूस! यात हनुमान मारुती नावाचा मुलगा होऊन पृथ्वीवर जन्मतो आणि समोर उभे राहतात राहू आणि केतू. सिनेमा आम्हाला पहिल्याइतका आवडला नाही, पण खलनायक मात्र बरोबर निवडला होता. रावण मेला की गोष्ट संपते. राहूचं तसं नाही. त्याच्या पोटात नाही तरी गळ्यापर्यंत अमृत गेलेलं आहे, तो मरतच नाही. दुसरा भाग काढायला असा खलनायक फार सोयीचा.

अमृताची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. मोहिनी देवांना अमृत वाढत होती, राहू देवांच्या पंगतीत जाऊन बसला, सूर्य-चंद्राने चुगली केली आणि विष्णूने चक्राने त्याचे दोन तुकडे केले. आपल्याकडची माणसं सांगतात की ती पंगत नेवाशाला बसली होती. नेवाशाचं मोहिनीराजाचं देऊळ त्याच गोष्टीचं. राहूचं शिर पडलं ती राहुरी, आणि काया पडली ते प्रवरा-गोदावरीच्या संगमाजवळचं कायगाव. म्हणजे भाविक राहुरीला उतरून शिंगणापूरला येतात तेव्हा राहूच्या डोक्यावरून शनीच्या दाराशी येतात म्हणायचं!

हनुमानाचं आणि त्याचं वैरही जुनं आहे. बाळ मारुती फळ समजून सूर्याकडे झेपावला तो दिवस अवसेचा, राहूच्या जेवणाचा. माझा घास दुसऱ्याला दिला म्हणून राहू रडत इंद्राकडे गेला, आणि मारुतीच्या हनुवटीवर वज्र बसलं. सिनेमावाल्यांनी ते वैर पुढे चालवलं, एवढंच.

पण राहू काही फक्त सिनेमात परत आलेला नाही. इसवी सन ४९९मध्ये आर्यभटाने लिहून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो तेव्हा सूर्यग्रहण होतं, आणि पृथ्वीची सावली चंद्रावर पडते तेव्हा चंद्रग्रहण. राहूचं काम तिथेच संपायला हवं होतं. ६२८मध्ये ब्रह्मगुप्ताने राहू न मानणाऱ्यांना दोष दिला आणि त्याला परत आणून बसवलं. हा ब्रह्मगुप्त अडाणी नव्हता, ग्रहणाचं गणित तो सावलीवरूनच मांडायचा. पुढे चारशे वर्षांनी अल्बेरूनीला याचं नवल वाटलं. लोकांच्या धाकाने त्याला तसं लिहावं लागलं असेल, असा त्याचा अंदाज. आम्हाला तो पटतो. घरात सगळं कळत असूनही सासूसमोर गप्प बसणाऱ्या सुना आपण पाहिल्याच आहेत.

१६ फेब्रुवारी १९८०ला सूर्यग्रहण झालं, तेव्हा भरदुपारी शहरांतले रस्ते ओस पडले होते. लोकांनी घरात राहावं म्हणून दूरदर्शनने सिनेमा लावला होता. आर्यभटानंतर पंधराशे वर्षांनी!

आता ७ सप्टेंबर २०२५ची रात्र घ्या. चंद्रग्रहण ९ वाजून ५७ मिनिटांनी लागलं आणि १ वाजून २६ मिनिटांनी सुटलं. वेध मात्र नऊ तास आधीपासून, म्हणजे दुपारी एकच्या सुमारास लागले. आमच्या गटातल्या एकीला सातवा महिना होता. चिरायचं नाही, शिवायचं नाही, गाठ मारायची नाही, खायचं-प्यायचं नाही. दुपारपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत, बारा तासांच्या वर. अंगणवाडीत आपण तिला सांगतो की थोडं थोडं पण सारखं खा. लोहाच्या गोळ्या देतो, वजन करतो. आमचं गाव दाराला कवाड नसलेलं. चोराला भीत नाही म्हणून देशभर नाव. त्या गावात सावली आत येऊ नये म्हणून गरोदर बाईच्या खोलीचे पडदे ओढले होते.

आम्ही तिघी संध्याकाळी तिच्याकडे गेलो. भांडलो नाही, भांडून उपयोग नसतो. तिच्या सासूबाईंना विचारलं, तुमच्या वेळी कसं होतं? त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, भोवळ येऊन पडले होते, कुणाला सांगितलं नाही. पाणी आणि दूध त्यांनी स्वतःच नेऊन दिलं. भाकरी मात्र नाही दिली.

शनीचंही असंच. बाहेरच्या लोकांना तो खलनायक वाटतो. नवी सून आली आणि घरात काही बिघडलं की ‘साडेसाती घेऊन आली’ म्हणतात. आम्ही त्याच्या सावलीत राहतो, आम्हाला तो घरचा वडीलधारा वाटतो. हनुमानाने त्याला रावणाच्या कैदेतून सोडवलं असं सांगतात. म्हणून तर शनिवारी मारुतीलाही तेल.

२ ऑगस्ट २०२७ला सोमवारी, आषाढी अवसेला, आपल्याकडून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. ती दिव्यांची अवस. कणकेचे दिवे उकडायचे असतात, आणि वेध पाळले तर चूल बंद. गटाच्या बैठकीत ठरलंय की ग्रहण पाहायचे खात्रीचे चष्मे आधीच आणून ठेवायचे, साध्या काळ्या काचेतून कुणी पाहायचं नाही. दिवे कधी उकडायचे यावर अजून एकमत झालेलं नाही. सासूबाई म्हणतात सकाळीच.